लाल औषधाचं निमित्त

दापोडी,
बुधवार, ११ मार्च १९८१

प्रिय इंदू,

तुझं कार्ड काल संध्याकाळी मिळालं. तीन ओळी, आणि त्यातलीही एक तारखेची. ‘ट्रेनिंग सोडून शनिवारी घरी येत आहे. कारण विचारू नये.’ विचारू नये म्हणे! अठरा वर्षांची काय झालीस, आईला सरकारी नोटिसा धाडायला लागलीस. मग माझंही उत्तर तसंच घे. शनिवारी येऊ नकोस. आलीस तर दाराला कुलूप दिसेल. तुझे बाबा तुला आत घ्यायला कितीही धडपडले तरी किल्ली माझ्या कमरेला असेल. राजगुरुनगरला नर्सबाईचं शिक्षण घ्यायला तू कुणाच्या मेहेरबानीने गेलेली नाहीस. यादीत तुझं नाव नववं होतं, मी स्वतः बोट ठेवून वाचलंय. अजून सात महिने राहिलेत. तुझ्या कार्डावरचं अक्षरही मला आवडलं नाही. एवढं वळणदार तुझं अक्षर, आणि हे जाडंभरडं, पेन धड चिमटीत धरता न आल्यासारखं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मी रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. कुणावर, ते सांगायला बराच कागद लागेल म्हणून तुझ्या जुन्या वहीची मधली पानं काढून घेतली आहेत. आज रजा टाकली. बाबा वर्कशॉपला गेलेत, बायका नळावर आहेत, दार लोटून बसले आहे. आता मला कुणी अडवणार नाही, तूही नाही.

माझ्या हातांची गोष्ट तुला तोंडपाठ आहे. चौथीत असताना ‘माझी आई’ या निबंधात तू ती लिहिलीस आणि बाईंनी दहापैकी आठ गुण दिले. ‘माझ्या आईचे हात कंपनीच्या औषधाने खराब झाले, तरी ती कष्ट करते.’ मी तो निबंध वस्तीभर वाचून दाखवला होता. आता तीच गोष्ट तुला मी पुन्हा सांगते, आणि मग त्यात काय खोटं आहे ते सांगते.

सदुसष्ट साली मी चिंचवडच्या बिस्किटांच्या कारखान्यात लागले, टेंपररी. दारातच सिमेंटची लांब मोरी होती, त्यात लाल औषध घातलेलं गुलाबी पाणी. शिफ्टला येणाऱ्या प्रत्येक बाईने मनगटापर्यंत हात बुडवायचे, मनात पन्नास मोजायचे, आणि पुढे उभ्या मंजुळाबाईंना दाखवायचे. आधी तळहात, मग पालथे. मंजुळाबाई आमच्या मुकादम. मनाने वाईट नव्हत्या, पण नखाखाली पीठ दिसलं तरी गावभर करायच्या. आता माझे हात कसे ते तुला ठाऊकच आहे. दोन-तीन मिनिटं पाणी लागलं की तळवे पांढरे पडतात, फुगतात, त्यांवर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे उठतात आणि आतून मिरची चोळल्यागत जळतं. पुसून कोरडे ठेवले की तासाभरात होते तसे. मी वर्षभर युक्तीने निभावलं. घरून खोबरेल तेल चोळून जायची, रांगेत पहिली उभी राहायची, पन्नासाऐवजी बारा मोजायची आणि दाणे उठायच्या आत हात दाखवून पळायची.

एका सकाळी कुणी बडे साहेब कारखाना बघायला आले आणि रांग मधेच थांबवली. आम्ही सगळ्या मोरीत हात बुडवून उभ्या. साहेब बघतायत म्हणून कुणी हात काढेना, मीही काढला नाही. ती माझी मूर्खपणाची शिस्त. मंजुळाबाईंनी माझे हात पाहिले आणि ओरडल्या, “अगं बया! म्हारोग हाय व्हय तुला? आन बिस्किटं हाताळतीस?” रांग अशी फुटली की मोरीपाशी मी एकटी उरले. मला कंपनीच्या डॉक्टरांकडे धाडलं, पण डॉक्टर जेवायला गेलेले. ते येईपर्यंत हात वाळून लखलखीत. त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले आणि लिहिलं, काही नाही, काम टाळते. एकाच दिवशी मी महारोगीही ठरले आणि ढोंगीही. दोन्ही एकदम कशी असेन, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधल्या माठाशेजारी खिळ्याला एक ॲल्युमिनियमचा गिलास लटकत होता, सुतळीने बांधलेला. मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, “तू आपली यातनं पी, पोरी. वाईट वाटून घिऊ नगं. खायाच्या वस्तूचं काम हाय.” इंदू, पाण्याजवळचा वेगळा गिलास आपल्या माणसांना काही नवा नाही. माझ्या वडिलांनी उभा जन्म त्यातून पाणी प्यायलं, तेही वरून ओतलेलं. मी तो गिलास खिळ्यावरून काढला, पिशवीत टाकला, आणि सगळ्यांच्या गिलासाने माठातलं पाणी घेऊन सगळ्यांदेखत प्यायले. तहान नव्हती तरी दोन गिलास प्यायले. घरी आल्यावर मात्र खूप रडले, ते तू पाहिलं नाहीस, शाळेत होतीस, पहिलीत. तू पेन्सिली ठेवायचीस तो पोचे पडलेला गिलास तोच. अजून फळीवर आहे.

मग मी युनियनच्या खंडूभाऊंना गाठलं. आता हा भाग नीट वाच. आम्ही दोघं डॉक्टरांच्या खोलीत गेलो तेव्हा मी रिकाम्या हाताने गेले नाही. दारातल्या मोरीतून घमेलंभर गुलाबी पाणी भरून नेलं आणि त्यांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवलं. म्हटलं, साहेब, कोरडा हात बघून काय कळणार? आता हातात घड्याळ घ्या. आणि दोन्ही हात बुडवले. पावणेतीन मिनिटांत डॉक्टर खुर्चीतून उठले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खंडूभाऊंनी टेबलावर मूठ आपटली, “बघा सायब! तुमच्या लाल औषधानं बाईचं हात खाल्लं!” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

बस, एवढंच केलं मी. मान हलवली. महिन्याभरात लाल औषध बंद झालं आणि साबण आला. दोघीतिघींच्या हातांना त्या औषधाने खरंच भेगा पडायच्या, त्यांचं भलं झालं. मला रबरी हातमोजे मिळाले, मेणकागदात पुडे बांधायचं कोरडं काम मिळालं आणि पुढच्या दिवाळीला पर्मनंट झाले. मंजुळाबाईंनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “चुकलं गं माझं. कंपनीनंच वाटोळं केलं तुझं.” डॉक्टरांनी एकदा जरी म्हटलं असतं, बाई, आता साध्या पाण्यात बुडवून दाखवा, तर माझं तिथंच संपलं असतं. साध्या पाण्यातही तेच होतं. ते कधीपासून होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

चौदा वर्षांची असल्यापासून होतं, इंदू. तेव्हा कारखाना कुठला आणि लाल औषध कुठलं. चाकणच्या बाजूला आपल्या गावी ओढ्यावर धुणं धुताना हात पांढरे झाले आणि मी आईला, म्हणजे तुझ्या तानुआजीला, दाखवायला धावत आले. तिने मला शिव्या घातल्या आणि माझे हात पदरात गुंडाळले. मग स्वतःचे दाखवले. तेच हात. तिचं कारण निराळं होतं. तिच्या तरुणपणी वस्तीतल्या माणसांनी हिय्या करून पाटलांच्या विहिरीवर पाणी भरलं. बायका मागून गेल्या. तानुआजीने ओंजळीने पाणी प्यायलं, हात चिंब झाले आणि पांढरे पडले. गाव म्हणालं, बघा, विहिरीनं हात दाखवला. आणि माझी भोळी आई तेच खरं मानून बसली. तिचे हात त्याआधीही तसेच व्हायचे, हे ती स्वतःच सांगायची, तरीही म्हणायची, “आपन शिवायचं नव्हतं.” माझे वडील संतापायचे. पाण्याला डोळे असतात का, ते जात बघतं का, विचारायचे. पण ती मरेपर्यंत त्या विहिरीकडे फिरकली नाही. मला तिचा फार राग यायचा. एवढी हिंमत करून पाण्यापर्यंत गेली आणि वर शिक्षा आपल्याच अंगावर ओढून घेतली!

मी ठरवलं होतं, मी असं करणार नाही. आणि सुरुवात तरी चांगली केली. तुझे बाबा मला बघायला आले तेव्हा आई मला मागून चिमटे काढत होती की हात झाकून बस. मी पाहुण्यांसाठी भरलेला तांब्या परातीत ओतला आणि सगळ्या पाहुण्यांपुढे हात त्यात ठेवून बसले. म्हटलं, आधी हे बघा, मग पोहे खा. एक म्हातारा आत्याबाईच्या कानाला लागला, कुणीतरी चपला शोधायला लागलं. तुझे बाबा पुढे सरकले, नीट बघितलं आणि विचारलं, “दुखतं का?” त्याआधी आणि त्यानंतर मला हे कुणी विचारलेलं नाही. त्याच जागी मी लग्नाला हो म्हटलं, त्यांनी विचारायच्या आधीच. आजतागायत घरातलं धुणं ते धुतात. नळावर बाया हसतात, “काय भीमराज, बायको राणी हाय व्हय?” आणि ते पिळा देत म्हणतात, “व्हय, राणीच हाय. म्हणून तर तुमच्यासारखी वरडत न्हाई.” हे शेवटचं खोटं आहे, पण त्यांच्या तोंडी शोभतं.

मग एवढी धीट तुझी आई, ही जाई, डॉक्टरपुढे मान का हलवून बसली? नोकरीसाठी, हे खरंच आहे, त्याची मला लाज नाही. पण नोकरी टिकल्यावर तरी खरं सांगता आलं असतं. ते सांगितलं नाही तुझ्यासाठी, असं मी मनाला समजावलं. आईच्या हाताला कंपनीने केलं म्हटलं की लोक हळहळतात. आईला आधीपासूनच आहे म्हटलं की आधी लेकीचे हात बघतात. म्हणून तुझ्या बाबांना गप्प बसवलं. ते म्हणायचे, “पोरीला सांग, उद्या तिला झालं तर घाबरंल.” मी म्हणायची, तिला काही होणार नाही. होणार नाही हे काय मी कुठे लिहून आणलं होतं? इतकी वर्षं ते खोटं मी इतक्या ठसक्यात सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. हातमोजे घालताना मी कंपनीला खरोखरच शिव्या द्यायची!

गेल्या दिवाळीत तू आली होतीस. भाऊबिजेच्या सकाळी तू भांडी विसळून उठलीस आणि हात टॉवेलमध्ये गुंडाळून अर्धा तास मोरीजवळच बसून राहिलीस. मी विचारलं, काय गं? म्हणालीस, थंडी वाजते. मी चुलीपाशी होते. टॉवेलमधून बाहेर आलेला तुझा अंगठा मला दिसला. पांढरा, फुगलेला, दाणे उठलेला. मी पाहिलं, इंदू, आणि पोळी उलटली. एवढं लिहून मी आता पाणी पिऊन आले. तुला त्या दिवशी जवळ ओढून माझे हात दाखवायला हवे होते. मी पोळी उलटली, तुला बसमध्ये बसवलं आणि वर सांगितलं, अभ्यास कर. जिच्यावर मी रागावले आहे म्हटलं, ती बाई हीच.

गेल्या बुधवारी साहेबरावमामाचं पत्र आलं, तुला वसतिगृहात भेटून आल्यावर लिहिलेलं. तू त्याला शपथ घातली होतीस ना? तुझ्या मामाच्या पोटात काही राहतं असं तुला वाटलंच कसं? त्याने लिहिलंय, पोरगी दोन्ही हातांना पट्ट्या बांधून हिंडते. उकळतं तेल उडालं म्हणते, पण महिना झाला तरी ते तेल काही निघत नाही. खोलीतल्या मुलीने कॉट दुसऱ्या भिंतीला नेली आहे आणि वसतिगृहातल्या माठाला तुला हात लावू देत नाहीत, पाणी दुसऱ्या कुणाकडून मागून प्यावं लागतं. ते वाचून मला आधी तो सुतळीचा गिलास आठवला आणि मग तुझ्या मनात काय चाललं असेल ते कळलं. आईचे हात औषधाने गेले, पण मी तर कारखान्याचं तोंड पाहिलेलं नाही, मग मला हे काय झालं? नर्सचं पुस्तक वाचणारी पोर तू. त्या पुस्तकात महारोगाचं पान काढून किती वेळा वाचलंस? आणि ते कुणाला न सांगता, रोज पट्टी बदलत, पट्टी बांधलेल्या बोटांनी कार्डावर तसलं जाडंभरडं अक्षर काढत. तुझी ही भीती मी तयार केली आहे. मान हलवून.

शुक्रवारी मी पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. कातडीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांच्यापुढे साध्या नळाचं पाणी मागितलं आणि हात बुडवले. त्यांनी टाचणी टोचली, कापूस फिरवला, डोळे मिटायला लावून कुठे लागतं ते विचारलं. मी एकही जागा चुकले नाही. मग म्हणाल्या, “याचं नाव मला माहीत नाही, पुस्तकांत शोधते. पण हे काय नाही ते आत्ता सांगते. महारोग नाही. कुणाला लागणार नाही. कुठल्या औषधाने आलेलं नाही. पाण्यानेच होतं, आणि घराण्यात असू शकतं.” मी म्हटलं, बाई, हेच कागदावर लिहा. दिलं लिहून, सही-शिक्क्यासकट. तुझाही कागद मागितला तर म्हणाल्या, मुलीला बघितल्याशिवाय नाही. बरोबरच आहे त्यांचं.

तो कागद काल सकाळी मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. लाल औषधाचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, बारा वर्षं कंपनीला फसवलंत. मी म्हटलं, हात तेव्हाही जळत होते, आजही जळतात. कारण खोटं होतं, जळणं नव्हतं. नोकरी ठेवायची की घालवायची ते सोमवारी सांगतो म्हणाले. मी म्हटलं, मंगळवारी सांगा, सोमवारी मला मुलीला घेऊन पुण्याला जायचंय. बाहेर खंडूभाऊ उभे होते. त्यांनाही सगळं सांगितलं, ते साहेबांपेक्षा जड गेलं. त्यांनी माझ्यासाठी तेव्हा दोन दिवस पगार बुडवला होता. मग म्हणाले, “आमाला बी न्हाई सांगितलंस, भैनी?” आणि चालायला लागले. गेटपर्यंत जाऊन परत फिरले. “मंगळवारी मी बी येतो तुझ्यासंगं. पर आता एक अक्षर बी लपवायचं न्हाई.” काढलंच तर काढोत. पुडे बांधता येणारी बाई या पट्ट्यात उपाशी मरत नाही.

तर हे पत्र कशासाठी, ते आता तुला कळलं असेल. माझ्या आईने विहिरीचं नाव घेतलं, मी औषधाचं घेतलं, तू तेलाचं घेतेस. तिघींचे हात एकच आहेत आणि कुणी काही केलेलं नाही, आपणही नाही. नर्सला दिवसातून पन्नास वेळा हात धुवावे लागतात, हे मला कळतं. कदाचित वॉर्डातलं काम तुला झेपणार नाही, कदाचित हातमोज्यांनी झेपेल. ते तुझे हात बघून मेट्रनबाईंनी आणि डॉक्टरांनी ठरवू दे. कुणी कॉट सरकवली म्हणून ते ठरणार नाही, आणि तू पळून आलीस म्हणून तर मुळीच नाही. शनिवारी तिथेच राहा आणि पट्ट्या सोडून टाक. रविवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी नाशिक फाट्यावरून निघते. बाबाही येतो म्हणतात, त्यांना आणते. मेट्रनबाईंना आणि तुझ्या खोलीतल्या मुलींना एका जागी बोलावून ठेव. त्यांच्यासमोर तुझे दोन आणि माझे दोन, चारही हात एका घमेल्यात बुडवून बसू, आणि घड्याळ त्या मुलीच्या हातात देऊ जिने कॉट हलवली. घमेलं मी घेऊन येते. पाणी तू भरून ठेव, आणि सगळ्यांच्या माठातलंच भर, स्वतःच्या हाताने.

सगळ्यांना जय भीम सांग.

तुझीच, तुझ्याच हातांची,
आई